माळ्यावरचे धूळयंत्र : ओळख आणि जीर्णोद्धार

जुन्या घराची वाटणी होते तेव्हा भांडीकुंडी, शेतीची अवजारे, पेट्या आणि देव्हारे यांना मालक मिळतात. पण माळ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात अशी एखादी वस्तू उरते की, ती काय आहे हेच कोणाला सांगता येत नाही. बीदर जिल्ह्यातील दुबलगुंडीसारख्या गावी अशा वस्तूला तर तीन भाषांत तीन नावे मिळावयाची. लोखंडी पट्ट्यांवर आडवे बसविलेले नळकांडे असेल तर एकजण त्याला पिकावर औषध मारण्याचा पंप म्हणेल. दांड्याला कापडी पिशवी अडकविलेली असेल तर दुसरा त्यात गवत कापण्याचे यंत्र पाहील. आणि लाकडी चौकटीला चामड्याचा भाता असेल तर ते लोहाराचे किंवा मोडक्या बाजाच्या पेटीचे अवशेष ठरतील. अखेरीस भंगारवाला येतो, आतले तांबे आणि वरचे अ‍ॅल्युमिनियम यांचा वजनावर भाव करतो आणि वस्तू निघून जाते. ती पुष्कळदा व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे हवेच्या दाबाने धूळ गोळा करणारे यंत्र, असते. पण हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

या भागात हे यंत्र ओळखू येऊ नये यात नवल नाही. त्याचा जन्मच मुळी गालिच्यासाठी झाला. थंड देशांत भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकर अंथरलेली असते आणि तिच्या मुळाशी बसलेली धूळ झाडूने निघत नाही, फक्त उडते. बीदर–कलबुर्गी भागातील घरांत पायाखाली असते ती शेजारच्या शहाबादची फरशी अथवा शेणाने सारवलेली जमीन. अशा भुईला केरसुणीच पुरते. मराठी घरातली केरसुणी किंवा फडा, कानडी घरातली कसबरिगी आणि उर्दू बोलणाऱ्या घरातला झाडू ही एकाच कामाची तीन नावे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते. कोणत्याही यंत्राला हा मान सहजासहजी मिळावयाचा नाही. साहजिकच जे यंत्र अशा गावी सापडेल ते बहुधा तेथे वापरले गेलेले नसते. हैदराबाद, सोलापूर, पुणे किंवा मुंबई येथून बदलीच्या सामानातून, लिलावातून अथवा परदेशातून परतलेल्या नातलगाच्या पेटीतून ते आलेले असते. म्हणूनच त्याची ओळख पटविणे म्हणजे एका घराच्या प्रवासाचा माग काढणे होय.

या यंत्राचा इतिहास दीडशे वर्षांहून थोडा अधिक आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅनियल हेस याने १८६० मध्ये भात्याने हवा ओढणाऱ्या गालिचा-झाडणीचे पेटंट घेतले. १८६९ मध्ये शिकागोच्या आइव्हज मॅकगॅफी याने हाताने फिरवावयाच्या पंख्याचे यंत्र काढले. १८७६ मध्ये मेलव्हिल बिसेल याने फिरत्या ब्रशाची झाडणी आणली. तिच्यात हवेचा ओढा नव्हता, पण ती हलकी व स्वस्त असल्याने घरोघर गेली. पतीच्या १८८९ मधील निधनानंतर हा कारखाना अ‍ॅना बिसेल यांनी चालविला आणि वाढविला.

खरी कलाटणी मिळाली ती १९०१ मध्ये. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये एका नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र धूळ फुंकरीने उडवीत असे. धूळ उडविण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये, असा प्रश्न बूथला पडला. त्याने उपाहारगृहातील एका गादीदार खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला आणि त्यातून तोंडाने जोरात हवा ओढली. घशात धूळ जाऊन तो गुदमरला; पण रुमालावर उमटलेला काळा डाग पाहून त्याचा प्रश्न सुटला. हवा जाऊ द्यावयाची आणि धूळ अडवावयाची, एवढेच तत्त्व. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीएवढे होते. तांबड्या रंगाचा तो गाडा घराबाहेर उभा राही आणि खिडक्यांतून लांबलांब नळ्या आत सोडल्या जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील गालिचे त्याच्या यंत्राने स्वच्छ केले गेले आणि त्याचे नाव झाले.

राजवाड्यासाठी बनलेले यंत्र घरात आणण्याचे श्रेय मात्र एका झाडलोट करणाऱ्या माणसाकडे जाते. ओहायो राज्यातील कँटन येथे जेम्स मरे स्पँगलर हा एका मोठ्या दुकानात सफाईचे काम करीत असे. त्याला दमा होता आणि रोज गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याच्या जिवावर उठली होती. त्याने विजेच्या पंख्याची मोटार, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून चालते यंत्र उभे केले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. घोड्यांचे साज व चामड्याच्या वस्तू बनविणाऱ्या विल्यम हेन्री हूव्हर यांनी ते विकत घेतले आणि त्याच वर्षी 'मॉडेल ओ' बाजारात आले. स्पँगलर १९१५ मध्ये वारला. ज्याचा श्वास कोंडत होता त्याने हे यंत्र केले, आणि त्याच्यावर नाव मात्र दुसऱ्याचे चढले, ही गोष्ट जुने यंत्र हाती घेणाऱ्याने विसरू नये.

युरोपात स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२१ मध्ये 'मॉडेल व्ही' काढले. घसरगाडीसारख्या पट्ट्यांवर सरकणारे आडवे नळकांडे, त्याला लवचीक नळी आणि नळीला बदलती तोंडे, ही रचना तेव्हापासून रूढ झाली. भारतात या यंत्राचा घरगुती प्रसार खऱ्या अर्थाने झाला तो १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीच्या दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे. त्यापूर्वीचे यंत्र ज्या घरी सापडेल तेथे ते अपवादानेच आलेले असणार.

यंत्राची ओळख पटवावयाची तर त्याचे काम कसे चालते हे आधी समजले पाहिजे. सर्वसाधारण समज असा की यंत्र धूळ ओढते. वस्तुतः धूळ ढकलली जाते. पृथ्वीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका हवेचा दाब असतो. यंत्रातील पंखा आतील हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तोंडातून आत धावते. तिच्याबरोबर धूळही जाते. कापडी पिशवी हवेला वाट देते, धुळीला देत नाही. याचा एक चमत्कारिक परिणाम असा की, तोंडावर तळहात ठेवून वाट बंद केली तर यंत्राचा आवाज चढतो. लोकांना वाटते, त्याला कष्ट होत आहेत. उलट हलवावयास हवाच न उरल्यामुळे पंख्यावरील ओझे उतरलेले असते आणि तो अधिक वेगाने फिरत असतो. धोका आहे तो निराळा: मोटार थंड ठेवणारी हवाही थांबते आणि मोटार तापू लागते.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे वळावे. पहिले लक्षण आकार. वीज नसलेले, भात्याचे किंवा हातपंपाचे यंत्र असेल तर ते बहुधा विसाव्या शतकाच्या आरंभीचे. 'बेबी डेझी' नावाच्या यंत्रात एकाने दांडा हलवून भाता चालवावयाचा आणि दुसऱ्याने नळी फिरवावयाची, अशी योजना होती. दांडा, खाली मोटार आणि मागे लोंबती पिशवी असेल तर ते स्पँगलरच्या कुळातले. पट्ट्यांवरचे नळकांडे असेल तर ते १९२१ नंतरचे.

दुसरे लक्षण द्रव्य. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे जड अंग जुन्या काळाकडे बोट दाखविते. बॅकेलाइट या काळसर, ठिसूळ द्रव्याचा शोध १९०७ मधील. पण त्याची मोठी आवरणे या यंत्रांवर १९३० नंतरच्या दशकात रुळली. हेन्री ड्रायफस यांनी रूप दिलेले हूव्हरचे १९३६ चे 'मॉडेल १५०' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. चार पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू दिसले तर यंत्र १९३० नंतरच्या दशकाच्या मध्याआधीचे नसावे. मात्र स्क्रू नंतरही बदललेला असू शकतो, हे ध्यानी ठेवावे. एका खुणेवर निकाल देऊ नये. तीन खुणा एकाच काळाकडे निघाल्या की मग विश्वास ठेवावा.

तिसरे आणि सर्वांत बोलके लक्षण म्हणजे नावपट्टी. बुडाशी किंवा मोटारीजवळ पितळेची अथवा अ‍ॅल्युमिनियमची लहान पट्टी असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, प्रतिमान, अनुक्रमांक, विजेचा दाब आणि पेटंटांचे क्रमांक किंवा तारखा असतात. पेटंटची तारीख यंत्राच्या जन्माची तारीख नव्हे. यंत्र त्याआधीचे नाही एवढेच ती सांगते. ही पट्टी घासू नये. ओलसर मऊ कापडाने पुसून, बाजूने तिरपा उजेड टाकून वाचावी. झिजलेली अक्षरे तिरप्या उजेडात उठून दिसतात. पट्टीवर ११० व्होल्ट असेल तर ते यंत्र बहुधा अमेरिकेकडचे. आपल्याकडील २३० व्होल्टवर ते थेट लावले तर दुप्पट दाबाने जवळजवळ चौपट शक्ती त्यात शिरू पाहील आणि क्षणार्धात मोटार जळेल. एकदिश आणि प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांवर चालते, अशी नोंदही पुष्कळ पट्ट्यांवर आढळते. या मोटारीत स्थिर आणि फिरते अशी दोन्ही वेटोळी एकाच प्रवाहाच्या वाटेवर असतात. प्रवाह उलटला की दोन्ही एकदमच उलटतात आणि फिरण्याची दिशा कायम राहते. शहराशहरांतून विजेचे निरनिराळे प्रकार होते त्या काळी हा गुण फार मोलाचा होता.

ओळख पटल्यावर सर्वांत मोठा मोह आवरावा लागतो, आणि तो म्हणजे वीज जोडून 'चालते का' हे पाहण्याचा. या एका मोहापायी यंत्रेही गेली आहेत आणि माणसेही संकटात सापडली आहेत. जुन्या तारांवरील रबर वाळून त्याचा भुगा झालेला असतो. वरचे सुती वेष्टन धड दिसते म्हणून तार धड असते असे नाही. अंग धातूचे, तार दोनच पदरी आणि जमिनीशी जोडणी मुळीच नाही, ही त्या काळची सर्रास पद्धत होती. आत तार उघडी पडली असेल तर सारे अंगच विजेने भारले जाते. त्यात शहाबादी फरशी पुसून ओली असेल आणि पाय अनवाणी असतील तर परिणाम सांगावयास नको. पुष्कळ यंत्रांत, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून, मेणकागदाचा कंडेन्सर बसविलेला असे. जुना कंडेन्सर गळतो आणि अंगात वीज उतरवितो. त्याला निरोप देणेच इष्ट.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक भाग सुटताना त्याची जागा वहीत टिपावी. नंतर पिशवी उघड्यावर, नाकातोंडाला योग्य आवरण बांधून, वाऱ्याच्या उलट बाजूस न थांबता रिकामी करावी. जुनी धूळ निरुपद्रवी नसते. भारतात १९५३ पासून हिवताप नियंत्रणाच्या कार्यक्रमात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले आणि ते द्रव्य दीर्घकाळ टिकते. काही यंत्रांत उष्णतारोधक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसही असे; तसा तंतुमय पांढुरका थर दिसला तर तो खरवडू नये आणि काम तेथेच थांबवून जाणत्याच्या हाती द्यावे.

मोटारीचे काम गावातील पंपाच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराला अपरिचित नसते. कोरडवाहू मुलखात त्याचे हात सतत याच कामात असतात. त्याला काही गोष्टी मात्र आवर्जून सांगाव्या लागतात. पंख्याविना ही मोटार मोकळी चालवून पाहू नये. ओझे नसेल तर तिचा वेग आवाक्याबाहेर जातो आणि वेटोळी उचकटतात. आधी मेगरने वेष्टनाचा रोध तपासावा. तो समाधानकारक निघाला तरच मालिकेत दिवा जोडून किंवा डिमरस्टॅटने दाब हळूहळू चढवीत ती फिरवावी. झिजलेले कार्बन ब्रश बदलताना त्यांचे टोक कॉम्युटेटरच्या वळणाशी बारीक वाळूकागदाने जुळवून घ्यावे. एमरी कागद वापरू नये, कारण त्याचे वीजवाहक कण तांब्याच्या पट्ट्यांमधील फटीत अडकतात. आणि कॉम्युटेटरवर गुळगुळीत तपकिरी थर असेल तर तो मळ समजून चकाकवू नये. तो थर वर्षानुवर्षे ब्रश फिरून मुरलेला असतो आणि तोच झीज थोपवितो.

बाह्यांगाचेही तसेच. अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावला तर तो धातूच खातो. बॅकेलाइट पाण्यात भिजत ठेवू नये. चामड्याचा भाता कडक झाला असेल तर तो दाबून पाहू नये, तडकेल. नवी तार घालावयाची ती तीन पदरी, जमिनीच्या जोडणीसह. आणि जुनी सुती तार फेकून न देता चिठ्ठी बांधून यंत्राशेजारी जपून ठेवावी. जे जे बदलले ते ते उद्या पुन्हा काढता आले पाहिजे आणि नवे कोणते, जुने कोणते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. जीर्णोद्धाराची सारी नीती या एका वाक्यात आली.

येथे मनात खरा प्रश्न उभा राहतो. यंत्र नवे दिसावे की जुने राहावे? मालकाला वाटते, चकाकी आली म्हणजे काम झाले. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. बीदरच्या कारागिरांनी ते शतकानुशतके देऊन ठेवले आहे. बिदरी भांडे जस्ताचे, थोड्या तांब्याच्या मिश्रणाचे असते. त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती नवसागरासह पाण्यात कालवून ती त्यावर चढवितात. जस्त काळेभोर होते, चांदी मात्र पांढरी राहते, आणि त्या काळेपणावरच सारी नक्षी उमलते. हे न जाणणाऱ्याने भांडे काळवंडले म्हणून चिंचेने घासले तर त्याने मळ काढलेला नसतो. त्याने कलाच पुसलेली असते. कोणता काळेपणा गंज आहे आणि कोणता अलंकार आहे, हा विवेक म्हणजेच जीर्णोद्धार.

यंत्राच्या बाबतीतही हाच विवेक उपयोगी पडतो. गंज वाढतो आणि धातू खातो. तो थांबविलाच पाहिजे. उघडी तार जीव घेते. ती बदललीच पाहिजे. पण दांड्यावर जेथे हाताची पकड असे तेथे रंग झिजून आतले लाकूड दिसू लागले असेल, तर तेथे नवा रंग फासणाऱ्याने काय पुसले याचा विचार करावा. ती झीज वापरणाऱ्या हाताची सही असते. तो हात बहुधा घरधनिणीचा किंवा घरगड्याचा असतो. घराच्या कागदपत्रांत त्यांची नावे क्वचितच आढळतात. जमिनीचे उतारे मालकाचे नाव सांगतात, नावपट्टी कारखानदाराचे सांगते. धूळ कोणी काढली हे सांगणारा दस्तऐवज बहुधा एवढाच, दांड्यावरची ती झीज.

सीमेवरच्या मुलखाला हे अधिक सहज समजावे. बीदर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्याच्या पाट्या बदलल्या, पण माळ्यावरच्या पेट्या त्याच राहिल्या. त्या पेट्यांवरील लेबले, यंत्राबरोबरची पावती, आजीच्या तोंडची आठवण, हे सारे यंत्राच्या सुट्या भागांइतकेच महत्त्वाचे असते. भाग पुन्हा बनविता येतो; आठवण सांगणारे माणूस गेले की ती बनविता येत नाही. यास्तव स्क्रू सैल करण्यापूर्वी घरातील वृद्धांपाशी बसावे आणि हे यंत्र कोणी आणले, कोठून आणले, कोणत्या खोलीत चालत असे, हे विचारून वहीत लिहून घ्यावे.

एवढे सारे करून ते यंत्र अखेर चालू लागले तर आनंदच. न लागले तरी श्रम वाया गेले असे नव्हे. सुरक्षित केलेले, ओळख पटलेले आणि वहीसह ठेवलेले मुके यंत्र हे, घासूनपुसून चकचकीत केलेल्या पण नावगाव हरवलेल्या चालत्या यंत्राहून अधिक बोलते. शहाबादी फरशीवर सकाळी केरसुणी फिरतच राहील. तिचे राज्य कोणी घेणार नाही. मात्र तिच्या शेजारी, कोपऱ्यात, दम्याने बेजार झालेल्या एका झाडणाऱ्याच्या बुद्धीतून जन्मलेले हे यंत्र मानाने उभे असावे. भंगारवाला दारात येईल तेव्हा घरातल्या मुलाने ते काय आहे हे एका वाक्यात सांगावे, आणि वजनकाटा तसाच परत जावा.